बरोबरची माणसं

‘चिगाइमास,’ मी म्हणाले. म्हणजे नाही, तसं नाही. काळ्या पोशाखातल्या त्या बाईंनी विचारलं होतं ते इतक्या हळू आवाजात, इतक्या अदबीनं, की हा प्रश्न आहे हेच क्षणभर लक्षात आलं नाही. देवळाच्या फाटकाशी पांढरं कापड घातलेलं टेबल, टेबलावर येणाऱ्यांची नावं लिहायची वही, आणि वहीतल्या उभ्या जपानी ओळींमध्ये एकच आडवी ओळ, माझ्या जन्मापासूनच्या ओळखीची: लीलावती मोरेश्वर आठल्ये, पुणे. कुंचल्यासारख्या पेनानं लिहिल्यामुळे वेलांट्या फुगलेल्या. बाईंनी त्या ओळीवर बोट टेकवलं नाही, कागदापासून चार बोटं वर हात धरला आणि विचारलं, आत गेलेल्या त्या आजी आणि ती मुलगी, तुमच्याबरोबरच्या का? मी नाही म्हणाले. आणि लगेच, न विचारता, पुन्हा एकदा म्हणाले. पंधरा पावलांवर, सभागृहाच्या पायरीशी, माझी अकरा वर्षांची कस्तुरी आजीच्या बुटांची नाडी सोडायला वाकली होती. तिनं मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. वर्गात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारल्यावर मुलं बघतात तसं तिनं एकदा पाहिलं. मग आजीचे बूट फळीवर नीट जोडीनं ठेवले, आजीचा हात धरला, आणि दोघी आत गेल्या. आईची पोपटी साडी काळ्या कोटांच्या मधून थोडा वेळ दिसत राहिली, मग दिसेनाशी झाली. मी टेबलाकडं वाकून नमस्कार केला आणि रस्ता ओलांडला. हातात कोमट पाण्याची बाटली होती.

आईला गार पाणी सोसत नाही म्हणून ती बाटली. इथं कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, गरम कॉफीच्या फळीवर नुसतं कोमट पाणीही विकायला असतं हे कळल्यावर आई दोन दिवस तेच सगळ्यांना फोनवर सांगत होती. त्यासाठी पैसे पडतात हे मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. पैशांचं नाव काढलं की ती बसूनच घ्यायची. पुण्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिला एका उंच मनोऱ्यावर न्यायला निघालो, मी, कस्तुरी आणि वरद, माझा नवरा. तिकिटाच्या खिडकीवरचे आकडे तेवढे तिला वाचता आले. त्यांचे मनात रुपये केले, चौघांचे केले, आणि शेजारच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. ‘तुम्ही जाऊन या. मी इथं माणसं बघते.’ वरदनं समजावलं, मी चिडले, कस्तुरीनं हात ओढला. ती हलली नाही. शेवटी आम्हीही गेलो नाही. त्या संध्याकाळी मी फोनवर यादी केली: टोकियोत कुटुंबाबरोबर मोफत बघण्यासारखं. सरकारी इमारतीचा पंचेचाळिसावा मजला, तिथून शहर दिसतं. राजवाड्याची पूर्वेकडची बाग. आगीचे जुने बंब ठेवलेलं संग्रहालय. नदीकाठ. देवळं. त्या यादीनं आई खुलली. मोफतला जपानीत मुर्यो म्हणतात हे तिनं कस्तुरीकडून शिकून घेतलं, आणि प्रत्येक दाराशी एक बोट वर करून पहारेकऱ्याला विचारायची, ‘मुर्यो?’ तो हसून हो म्हणाला की जग जिंकल्यासारखी आत शिरायची. पहिल्या चार-पाच दारांशी मला हसू आलं. मग मी दोन पावलं मागे राहायला लागले. मागे म्हणजे किती, हे मी तेव्हा मोजलं नव्हतं. फोन बघत, पिशवी सावरत, कुणी पाहिलं तर बरोबर आहे असंही वाटेल आणि नाही असंही वाटेल, एवढंच अंतर.

रस्त्याच्या या बाजूला पेयांचं यंत्र होतं, त्याच्या शेजारी मी उभी राहिले. नोव्हेंबरचं ऊन होतं, पाठीवर बरं वाटणारं, आणि ते बरं वाटत होतं याचीच लाज वाटत होती. आत लाकडी ढोलाचा ठोका सुरू होता, एकसारखा, टक टक टक टक, आणि त्यावर भिक्षूंचा खालच्या पट्टीतला आवाज. त्या आवाजानंच सगळं झालं होतं. यादीतलं आजचं कलम होतं सूत्रपठण: महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला, कुणीही यावं, बसावं, ऐकावं, मोफत. हे मी खास आईसाठी शोधून काढलं होतं. आम्ही राहतो त्या ओजिमापासून फार लांब नव्हतं. गल्लीत दोन-तीन देवळं एकमेकांना लागून. कोपऱ्यावर आईला तहान लागली, मी दोघींना तिथंच थांबायला सांगून कोंबिनीत गेले. परत आले तेव्हा कोपऱ्यावर कुणी नव्हतं. आईनं ठोका ऐकला असणार. ठोका ऐकल्यावर ती कोपऱ्यावर थांबणारी बाई नव्हे. आणि मी फाटकाशी पोचले तेव्हा काळे-पांढरे पडदे, पांढऱ्या फुलांच्या उंच मांडण्या आणि फळ्यावर घराण्याचं नाव बघून एका क्षणात समजले की हे ते देऊळ नव्हे, आणि हे सूत्रपठण गेलेल्या माणसासाठी आहे.

आता इथं कुणी म्हणेल, मग आत जायचं, माफी मागायची, दोघींना बाहेर आणायचं. साधं आहे. मीही हेच म्हणते आहे, तेव्हापासून. बारा वर्षं इथं राहून मला माफी मागायला येते. खरं तर तेवढंच उत्तम येतं. पहिल्या वर्षी येत नव्हती. आम्ही वसाहतीत नवीन होतो, गणपतीनंतरची गोष्ट. नारळाच्या शेंड्या, निर्माल्य, करवंट्या, सगळं एका पिशवीत बांधून मी चुकीच्या दिवशी कचऱ्याच्या चुकीच्या जाळीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रहिवासी मंडळाचे एक म्हातारे गृहस्थ ती पिशवी हातात घेऊन दाराशी उभे. रागावले नव्हते. पिशवी जराशी वर उचलून म्हणाले, ही आपली का? पिशवीतून झेंडूच्या पाकळ्या दिसत होत्या. सबंध इमारतीत झेंडू वाहणारं घर आमचं एकच. मी शिकवणीच्या पुस्तकातला नुकताच पाठ केलेला शब्द म्हणाले, चिगाइमास. ते गृहस्थ, असं का, म्हणाले, आणि पिशवी घेऊन जिना उतरले. ती त्यांनीच वेगवेगळी करून टाकली असणार. मी दार लावून घेतलं आणि देवासमोर बसून रडले, कारण निर्माल्य परक्या माणसाच्या हातून गेलं, आणि कारण मी देवाच्या फुलांना माझी नाहीत म्हणाले. पण शब्द उपयोगी पडला हेही कळलं होतं. पुढं कुकरची शिट्टी कुणाची, जिन्यातला फोडणीचा वास कुणाचा, चिगाइमास. या शब्दाची गंमत अशी की त्याचा अर्थ चूक असाही होतो आणि वेगळं असाही. आपल्याकडं बरोबर म्हणजे खरं, आणि बरोबर म्हणजे सोबत. एकाच शब्दात दोन्ही. मी दोन्हीला नाही म्हणून आले होते.

मोफत हा शब्द आईच्या तोंडी पूर्वी कधी नव्हता. फुकट तर नव्हताच. ती मोकळं म्हणायची. ‘आज कीर्तन मोकळं आहे,’ म्हणजे कुणीही यावं. वडील सहकारी भांडारात मापाडी होते. सुट्टीत मैत्रिणी महाबळेश्वरला जायच्या तेव्हा आई मला देवळांत न्यायची. चातुर्मासात तर पुण्यात रोज कुठं ना कुठं कीर्तन. बुवा उभे राहायचे, उपरणं सारखं करायचे, पेटीवाल्याकडं एकदा बघायचे, आणि झांजेचा पहिला टोला पडला की आईच्या खांद्यांतून काहीतरी उतरून जायचं. ती ऐकायची ते अंगानं. टाळी धरायची, मान डोलवायची, आणि पूर्वरंग संपून बुवांना हार पडला, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागला, की माझ्याकडं वळून माझ्या कपाळावरचा बुक्का अंगठ्यानं नीट गोल करायची. तो वास मला अजून आवडतो. मी आजही ओजिमाहून ऑफिसला जाताना कानात कीर्तनच लावते. समोरच्या माणसाला वाटतं बाई झोपली आहे. नास्तिक नवऱ्याच्या घरात, परक्या मुलखात, मला धरून ठेवणारं दुसरं काय आहे ते मला सांगता येणार नाही. कीर्तन माणसाला काय शिकवतं असं विचारलं तर मी म्हणेन, जवळ बसायला. शेजारी कोण आहे ते न विचारता. आणि हे सगळं ज्या बाईनं मला दिलं ती समोरच्या देवळात एका अनोळखी माणसाच्या अंत्यविधीला पोपटी साडी नेसून बसली होती, आणि मी यंत्रावरची पेयांची नावं वाचत होते. मक्याचं सूप. लाल घेवड्याचं सूप. दुधाचा चहा.

एका बुवांनी उत्तररंगात लावलेलं आख्यान मला तिथं उभ्या उभ्या आठवत होतं. कुंभाराचा मुलगा शिकून राजाचा कारभारी होतो, आणि एक दिवस बाप त्याला भेटायला दरबाराच्या दाराशी येतो, हाताला ओली माती. राजा विचारतो, कारभारी, हे कोण? इथं बुवा थांबायचे. पेटी थांबायची. बुवा हातातली झांज दोन बोटांत धरून तशीच लोंबती ठेवायचे आणि समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांकडं एकेक करून बघायचे. मी सहा-सात वर्षांची होते. मी आईच्या मांडीत तोंड खुपसून रडले, कारण पुढं काय होणार ते मला माहीत होतं आणि ते व्हायला नको होतं. आई पाठीवर थोपटत म्हणाली, अगं गोष्ट आहे ती. कालपर्यंत मी ही आठवण माझ्या कोवळेपणाची म्हणून कुणाकुणाला सांगत असे. आता वाटलं, त्या वयातही मी बापासाठी रडत नसेन. मुलगा काय उत्तर देणार ते ओळखलं होतं, आणि ओळखता आलं होतं ते आतून.

आत ठोका जलद झाला. आता आई टाळी धरणार. तिला लय चढली की हात आपोआप जुळतात. मला ती टाळी ऐकू येऊ नये म्हणून मी यंत्राच्या आणखी जवळ सरकले, यंत्राची घरघर कानाशी घेतली. मला खरंच वाटत होतं की टाळी ऐकू आली तर मी चालत स्टेशनवर जाईन. मग आठवलं, आत कस्तुरी आहे. कस्तुरीला सांगता येईल, ती सांभाळून घेईल. कस्तुरीचं जपानी माझ्यापेक्षा किती चांगलं आहे, तिला या देशाच्या रीती उपजत कळतात, शाळेत शिकवतात त्यांना, असं मी स्वतःला सांगत राहिले, आणि सांगता सांगता मला बरं वाटायला लागलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण नंतर मला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. मी दोघींना नाही म्हटल्यानंतर त्यांतल्या लहान मुलीवर सगळं सोपवून निवांत झाले होते. बाटलीतलं पाणी निवलं. मी ते हळूहळू पिऊन टाकलं.

चाळीस मिनिटांनी लोक बाहेर यायला लागले. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळ्यांच्या शेवटी आई आली, एका हातात कागदी पिशवी, दुसऱ्या हातात कस्तुरीचा हात, आणि दोघींच्या कपाळावर काहीतरी तपकिरी. आईनं रस्त्यापलीकडं मला पाहिलं. ज्या आवाजात ती मला आमच्या गल्लीच्या टोकापासून हाक मारायची त्याच आवाजात तिनं हाक मारली, ‘अनू, इकडं ये गं.’ तीस-चाळीस काळ्या पाठी वळल्या. टेबलामागच्या त्या बाईही वळल्या. रस्ता अरुंद होता, दोन गाड्यांचा. तो ओलांडायला मला किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही.

आई सांगायला लागली, हलक्या आवाजात, पण तिचा हलका आवाजही इथल्या मानानं मोठा. आत गेल्यावर फोटो दिसला, फुलांत ठेवलेला, साठ-पासष्टची बाई, हसरी. मग लांब लाकडी शवपेटी दिसली. तेव्हा समजलं की हे कुणीतरी गेलंय. कस्तुरी म्हणत होती आजी चल, पण मध्येच उठून जाणं बरं दिसतं का, कुणाच्या घरी असं कधी करतो का आपण. म्हणून बसली. टाळी धरली नाही. सगळे उठून पुढं जात होते, चिमटीनं काहीतरी घेऊन कपाळाशी नेत होते, तर तिनंही नेलं. बुक्काच तो, वास तसाच, फक्त रंग वेगळा. तिनं आपल्या कपाळी लावला, कस्तुरीला लावला. ते धुपाचं चूर्ण, कपाळाशी नेऊन निखाऱ्यावर सोडायचं असतं, हे मला माहीत होतं. ‘आणि प्रसाद दिला बघ,’ आई म्हणाली, पिशवी दाखवत. ‘मी आत शिरतानाच विचारलं होतं, मुर्यो? त्या बाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग वाकून नमस्कार केला आणि वही पुढं केली.’ म्हणजे तिनं तिथंही विचारलं होतं. एक बोट वर करून. मी डोळे मिटले.

त्या बाई आमच्याजवळ आल्या होत्या. त्यांच्यामागं एक वाळकासा म्हातारा, गेलेल्या बाईंचा नवरा असणार, हातात फोटोची चौकट छातीशी धरलेली. म्हाताऱ्यांनी आईला खाली वाकून नमस्कार केला. आईनं हात जोडले, मग राहवलं नाही म्हणून त्यांच्या कोपराला नुसता स्पर्श केला. म्हातारे तसेच उभे राहिले. मला वाटलं आता सगळं संपेल, आपण निघू. पण आई कस्तुरीला म्हणाली, ‘यांना सांग गं, ही माझी मुलगी. अनघा.’

कस्तुरीनं माझ्याकडं पाहिलं. ‘तू सांग,’ ती मराठीत म्हणाली.

जपानीत दुसऱ्याच्या आईला एक शब्द आणि आपल्या आईला दुसरा. आपल्या आईचा शब्द छोटा आहे, हाहा, ऐकायला हसल्यासारखा. बारा वर्षांत तो मला कुणासमोर वापरावा लागला नव्हता, कारण आई इथं नव्हती. ‘हाहा देस,’ मी म्हणाले, ‘ही माझी आई. आणि ही माझी मुलगी. मघाशी मी...’ त्या बाईंनी पुढचं बोलू दिलं नाही. हात किंचित वर केला आणि म्हणाल्या, ‘हो, समजलं होतं. कपाळ अगदी एकसारखं आहे.’ म्हणजे मी नाही म्हणत होते तेव्हाही त्यांना दिसत होतं. त्यांनी ते वहीत लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही, आत जाऊन दोघींना उठवलं नाही. त्यांच्या बहिणीचा किंवा भावजयीचा अंत्यविधी चालू होता आणि त्यात त्यांनी माझी लाज सांभाळली. मी कितीतरी वेळ वाकून राहिले. वर पाहिलं तेव्हा त्या टेबलाकडं परत गेल्या होत्या.

मी निघू या म्हणाले. आई म्हणाली, ‘अजून नेलं नाही त्यांना. नेल्याशिवाय कसं जायचं?’ फाटकाबाहेर काळी लांब गाडी येऊन उभी होती. लोक दोन रांगांत उभे राहात होते, आणि आई कुणाला न विचारता रांगेच्या शेवटी जाऊन भिंतीशी उभी राहिली; तिच्या शेजारी कस्तुरी, मग मी. कुणी आमच्याकडं बघत नव्हतं. मराठी कुणाला कळत नव्हतं. ज्या भाषेत मी दोघींना नाकारलं होतं ती इथं सगळ्यांना येत होती, आणि ज्या भाषेत कबूल करायचं ती फक्त आम्हा तिघींना. एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नाही असं वाटलं, आणि त्या सोपेपणाचीही लाज वाटली.

‘आई,’ मी समोर बघत म्हणाले, ‘मघाशी त्या बाईंनी मला विचारलं होतं, या दोघी तुमच्याबरोबरच्या का. मी नाही म्हणाले.’

माझ्या मनात तिचं रडणं तयार होतं, तिचं रागावणं तयार होतं, आणि अगदी आत, मी मान्य करते, तिचं थोपटणंही तयार होतं: अगं गोष्ट आहे ती. आईनं पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला, साडीचा जेवढा पोपटी रंग झाकता येईल तेवढा झाकत.

‘दोघींना?’ ती म्हणाली.

‘हो.’

‘तिनं ऐकलं?’

‘हो.’

‘माझं राहू दे,’ आई म्हणाली. ‘मी म्हातारी आहे, मला कुठं नेऊन बसवलं तरी मी बसते. आणि तू लहानपणापासून अशीच आहेस, मला काय नवीन आहे त्यात.’ हे तिनं इतक्या सहज सांगितलं की ते लागायलाही थोडा वेळ गेला. ‘तिच्याशी बोल. ते मला नाही हो माफ करता यायचं, ते तिचं आहे.’

माफी मागायला मला उत्तम येतं असं मी म्हणाले. जपानीत तिच्यासाठी चार पायऱ्या आहेत, आणि कुठली कुणासमोर ते मला झोपेतही सांगता येईल. कस्तुरी माझ्या खांद्यापर्यंत येते. तिच्या भांगावर एक पांढरा धागा अडकला होता, तो मी काढला, तिनं काढू दिला. सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द मला दुकानातल्यासारखा वाटला. ‘कस्तुरी, मी चुकले गं,’ मी म्हणाले.

ती गाडीकडं बघत राहिली. पेटी बाहेर आणत होते, सहा जण, पावलं मोजत. ती घरी माझ्याशी मराठीत फार बोलत नाही. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, असं आमचं चालतं. आता तिनं शब्द एकेक शोधून काढले, चिमटीनं धरल्यासारखे. ‘मला भीती वाटला,’ ती म्हणाली. ‘पेटीला खिडकी होता. आत चेहरा होता. मी आधी कधी बघितलं नाही.’ मग, ‘आजीला पण भीती वाटेल म्हणून मी नाही सांगितलं. मी दाराकडं बघत होते. सारखं. तू येणार म्हणून.’

मी किती वेळा ते दार बघितलं होतं? एकदाही नाही. मी मक्याचं सूप वाचत होते. माझ्या चाळीस मिनिटांत आई होती, बुवा होते, कुंभार होता, मी होते, माझी लाज होती, तिच्यावर मी किती बारकाईनं विचार करत होते. आणि त्या सबंध वेळात पांढऱ्या फुलांमागं एक मूल मान वळवून वळवून उघड्या दाराकडं बघत होतं, आणि दारात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण ते मला हवं होतं. तिला हवं आहे की नाही ते मी विचारलं नव्हतं, आणि विचारायची हिंमत होईना. मी हात नुसता खाली, तिच्या हाताच्या बाजूला, मोकळा सोडला.

पेटी गाडीत गेली. दार लागलं. फोटो घेतलेले म्हातारे पुढं बसले. गाडीनं एक लांब भोंगा वाजवला, इतका लांब की त्याला सूर आहे असं वाटायला लागलं, आणि रांगेतले सगळे कमरेतून वाकले. कस्तुरी वाकली, अगदी शिकवल्यासारखी, पाठ सरळ. आईनं हात जोडून डोळे मिटले आणि तिचे ओठ हलू लागले. कुणाच्याही दाराशी, कुणाच्याही माणसासाठी जे नाम घेता येतं ते ती घेत होती. मी वाकले. चाकं खडीवरून फिरल्याचा आवाज आला, मग रस्त्यावरचा, मग काहीच नाही. आजूबाजूला कपड्यांची सळसळ झाली, लोक सरळ झाले असणार. मला खाली कस्तुरीच्या शाळेच्या बुटांची टोकं दिसत होती, त्यांच्यापलीकडं आईच्या पांढऱ्या बुटांची. ती माझ्यासाठी थांबली होती, दोन्ही जोड.

‘आई,’ कस्तुरी हळूच म्हणाली, ‘झालं. आता वर बघायचं असतं.’

मला वर बघता येईना.